एव्हन एक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील शेक्सपिअरच्या गावची एव्हन आणि ब्रिस्टल शहराची एव्हन या दोन्ही एकच नदी, असे आपल्या लेखात आले आहे. ते बरोबर नाही. पहिली नेझबीजवळ उगम पावून ट्यूक्सबरीला सेव्हर्न नदीस मिळते, तर दुसरी बाथ व ब्रिस्टल शहरांतून वाहत एव्हनमथपाशी सेव्हर्नच्या खाडीत शिरते. सॉल्झबरीची एव्हन आणखी निराळी. मुळात ‘एव्हन’ हा ब्रिटनमधील प्राचीन केल्टिक भाषेतील ‘नदी’ याच अर्थाचा शब्द असून वेल्सच्या वेल्श भाषेत तो आजही नांदतो, म्हणूनच तो अनेक प्रवाहांना चिकटला. आम्हा खानदेशातील लोकांना हे सहज उमजावे: चांगदेवला तापीत मिसळणारी पूर्णा वेगळी आणि मराठवाड्यात गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला एक वाचक,
मुक्ताईनगर, जि. जळगाव