डायरही जालंधरहूनच निघाला होता

जालंधर,
२२ फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी अमृतसरला जाऊन जालियनवाला बाग पाहून आले. इथे बदली झाल्यापासून बाबा दर फोनला त्याबद्दल विचारत होते आणि मी दर वेळी बँकेच्या शाखेच्या लेखापरीक्षणाचे निमित्त पुढे करत होते. आता पाहिलेच आहे तर सविस्तर लिहिते, कारण बाबांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरे देऊ लागले की पलीकडून आई ‘जेवलीस का’ असे विचारते आणि विषय तिथेच संपतो.

जाण्याआधी थोडे वाचले होते, त्यातल्या एका तपशिलाने पूर्ण प्रवासात माझा पिच्छा सोडला नाही. बाबा, तो तुम्हांला कदाचित ठाऊक असेल, मला नव्हता. १९१९ साली जनरल डायरचा मुक्काम याच जालंधरच्या छावणीत होता. इथल्या ब्रिगेडचा तो प्रमुख होता, आणि ११ एप्रिलच्या रात्री तो इथूनच अमृतसरला पोहोचला. अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटरचे. ज्या छावणीतले जवान आणि निवृत्त सुभेदार आमच्या शाखेत निवृत्तिवेतनाची चौकशी करायला येतात, तिथून निघालेला माणूस दोन दिवस शहराची पाहणी करून, मनाशी सगळे ठरवून मग बागेत शिरला, हे कळल्यावर ‘एका माथेफिरू अधिकाऱ्याने गोळीबार केला’ हे शाळेत पाठ केलेले वाक्य मला अपुरे वाटू लागले. पुढे जे काही लिहिणार आहे ते सारे याच वाक्याशी भांडण आहे, असे समजा.

सुवर्णमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता फक्त पायी चालता येते. दोन्ही बाजूंच्या इमारतींना एकसारखे दर्शनी भाग बसवले आहेत, कुलच्यांची आणि पापड-वड्यांची दुकाने आहेत, आणि त्या गर्दीतच बागेचे प्रवेशद्वार लागते. आत जाण्याची गल्ली सात-साडेसात फूट रुंद असेल. ती पाहण्यासाठीच मी मुख्यतः गेले होते, कारण १३ एप्रिलला, गोळीबाराच्या दिवशी, डायरने सोबत दोन चिलखती मोटारी आणल्या होत्या, त्यांवर मशिनगन होत्या, आणि केवळ गल्ली अरुंद म्हणून त्या बाहेर उभ्या कराव्या लागल्या. हजारो माणसांचे मरण आणि जगणे त्या गल्लीच्या रुंदीवर ठरले.

आज मात्र त्या गल्लीतून जाताना हे कोणाच्या मनात येईल असे वाटत नाही. २०२१ साली जे नूतनीकरण झाले, त्यात दोन्ही भिंतींवर माणसांची उठावाची शिल्पे बसवली आहेत. चालत निघालेली माणसे, बायका, मुले, कोणी हसरे, कोणी गप्पांत रमलेले. एका शिल्पातल्या बाईच्या ओढणीची कड लोकांच्या हातांनी घासून चकचकीत झाली आहे. शिल्पे वाईट नाहीत, कारागिरी चांगलीच आहे, आणि ही माणसे बैसाखीच्या सणाला निघालेली साधी माणसे होती हे सांगण्याचा हेतूही समजतो. पण नुसत्या कोऱ्या विटांच्या भिंती ठेवल्या असत्या तर पाहणाऱ्याचा खांदा भिंतीला लागला असता आणि त्याला जे कळायचे ते कळले असते. अनेक इतिहासकारांनी तेव्हा या बदलांवर टीका केली होती. ती मला वर्तमानपत्रात वाचताना जरा अतिरेकी वाटली होती, तिथे उभी राहिल्यावर वाटली नाही.

आत गेल्यावर हिरवळ आहे, फुलझाडे आहेत, आणि मधोमध लाल दगडाचा ज्योतीच्या आकाराचा स्तंभ आहे. बेंजामिन पोल्क नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने तो रचला आणि १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचे उद्घाटन केले. १९१९ मध्ये यांतले काहीच नव्हते. चहूबाजूंनी घरांच्या पाठभिंती, मध्ये ओसाड जागा, एक समाधी, एक विहीर, थोडी झाडे, आणि बाहेर पडायला चार-पाच बोळ, इतकेच. डायर आत आला तेव्हा त्याच्यासोबत रायफली घेतलेले पन्नास शिपाई होते आणि केवळ कुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे. प्रवेशाजवळच्या उंचवट्यावर त्याने पंचवीस उजवीकडे आणि पंचवीस डावीकडे उभे केले आणि कोणतीही सूचना न देता गोळीबाराचा हुकूम सोडला. सुमारे दहा मिनिटे गोळ्या चालल्या. १६५० फैरी झडल्या, आणि हा आकडा नेमका आहे, कारण नंतर रिकाम्या काडतुसांचा हिशेब झाला. मेलेल्यांचा असा हिशेब झाला नाही.

बाबा, इथे तुमची फार आठवण झाली. तीस-पस्तीस वर्षे कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लघुलेखनात उतरवून घेतलेल्या माणसाने हे प्रकरण वाचावे असे आहे. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. त्यात ३३७ पुरुष, ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचे एक तान्हे बाळ. पण ही मोजणी सुरू झाली ती घटनेनंतर काही महिन्यांनी, लोकांनी पुढे येऊन आपापल्या माणसांची नावे नोंदवावीत असे आवाहन करून. बेकायदा ठरवलेल्या सभेत आपल्या घरचा माणूस होता, हे त्याच सरकारपुढे जाऊन कोण सांगणार? परगावाहून जत्रेला आलेल्यांची नावे तर अमृतसरात कोणाला माहीत असणार? काँग्रेसच्या चौकशीत मृतांचा अंदाज हजाराच्या आसपास गेला. त्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. मोतीलाल नेहरू अमृतसर काँग्रेसचे अध्यक्ष निवडले गेल्यामुळे समितीतून बाजूला झाले आणि त्यांच्या जागी जयकर आले. या मंडळींनी सतराशेहून अधिक साक्षी तपासल्या आणि त्यांतल्या साडेसहाशेच्या आसपास छापल्या. लष्करी कायद्याखाली नुकतेच भरडून निघालेल्या पंजाबात दारोदार जाऊन, नाव, वय, धंदा, पत्ता विचारत जबान्या लिहून घेणे म्हणजे काय काम असेल, हे मला तुमच्याइतके कळणार नाही.

सरकारी हंटर समितीपुढे नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला डायरची साक्ष झाली. त्या समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते आणि त्यांनी घेतलेली डायरची उलटतपासणी तुम्ही अवश्य वाचा. कुठेही आवाज चढवलेला नाही. गल्ली रुंद असती आणि चिलखती मोटारी आत आणता आल्या असत्या तर तुम्ही मशिनगननी गोळीबार केला असता का, असे त्यांनी विचारले. बहुधा हो, असे उत्तर आले. मग प्राणहानी खूपच वाढली असती ना? हो. जखमींसाठी काही केले का, यावर त्याने ते आपले काम नव्हते, इस्पितळे उघडी होती, असे सांगितले. आणि संध्याकाळी आठनंतर घराबाहेर दिसेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम त्याचाच होता. गोळी न झाडताही जमाव पांगवता आला असता, हेही त्याने मान्य केले, पण मग ते लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते. साऱ्या पंजाबवर जरब बसावी हा आपला उद्देश होता, असे तो कोणत्याही आडपडद्याशिवाय बोलला. हे माथेफिरूचे बोलणे नव्हे. आपल्यामागे सरकार आहे याची खात्री असलेल्या अधिकाऱ्याचे ते बोलणे आहे, आणि ती खात्री अगदीच खोटी ठरली नाही. त्याला पद सोडावे लागले खरे, पण इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात बहुमत त्याच्या बाजूने पडले आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी काढली, तिच्यात सव्वीस हजार पौंडांच्या वर रक्कम जमली.

आई, हा भाग तुझ्यासाठी. त्या वर्षी रामनवमी ९ एप्रिलला होती आणि अमृतसरात ती हिंदू-मुसलमानांनी मिळून साजरी केली, एकमेकांच्या हातचे पाणी प्यायले. विनाचौकशी तुरुंगात टाकण्याची मुभा देणाऱ्या रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीचे शहरातले दोन पुढारी म्हणजे डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल. सरकारला या एकीचीच धास्ती वाटली. दुसऱ्याच दिवशी दोघांना बोलावून घेऊन परस्पर धरमशालेला नेले, आणि तिथून सगळे बिघडत गेले.

रतनदेवी नावाच्या बाईची जबानी मी दोनदा वाचली. ती बागेजवळच राहत होती. गोळ्यांचा आवाज ऐकून ती धावली आणि प्रेतांच्या राशीत तिला नवरा सापडला. ओळखीची दोन मुले आली, त्यांना तिने खाट आणायला पाठवले. आठ वाजून गेले, संचारबंदी लागली, कोणीही परत आले नाही. ती रात्रभर नवऱ्याजवळ बसून राहिली, कुत्री हुसकवायला हातात बांबूची काठी घेऊन. बारा-एक वर्षांचा एक जखमी मुलगा तिला सोडून जाऊ नकोस म्हणून विनवत होता, पाणी मागत होता, आणि पाणी मिळण्यासारखे नव्हते. एका जखमी माणसाने आपला पाय जरा उचलून ठेव असे सांगितले, तो तिने ठेवला. एवढेच ती सांगते. तिच्या जबानीत मला कुठेही हुंदका किंवा शाप सापडला नाही. त्या विहिरीत जीव वाचवायला उड्या घेतलेल्यांचे १२० मृतदेह निघाले असे सांगतात. विहीर आता काचेने बंदिस्त केली आहे आणि माणसे आत नाणी टाकण्याची फट शोधत असतात. मला त्या काचेपाशी काही सुचले नाही. रतनदेवी आठवली ती भिंतीजवळ.

ती भिंत मात्र अजून बरीचशी जशीच्या तशी आहे. जुन्या पद्धतीच्या पातळ विटा, आणि गोळ्यांच्या खुणांभोवती आखलेल्या पांढऱ्या चौकटी. एका खुणेत माझ्या अंगठ्याचे पेर बुडेल एवढा खड्डा होता. काही खुणा माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर आहेत. भिंत चढून पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांवर त्या गोळ्या झाडल्या होत्या, हे तिथे उभे राहिल्यावरच समजते.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र खरे होणार नाही. १० एप्रिलला पुढाऱ्यांच्या सुटकेची मागणी करायला निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलापाशी गोळीबार झाला, आणि त्यानंतर पिसाळलेल्या जमावाने पाच युरोपियन माणसांना ठार केले. त्यांतले तिघे बँकेचे अधिकारी होते, दोन नॅशनल बँकेचे आणि एक अलायन्स बँकेचा. बँका लुटल्या, नॅशनल बँक जाळली. शेरवुड नावाच्या मिशनरी बाईंना एका गल्लीत मारहाण झाली आणि त्यांना आसरा देऊन वाचवले तेही त्याच भागातल्या हिंदी माणसांनी. पुढे डायरने त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे असा हुकूम काढला. बँकेत काम करणारी म्हणून मला त्या तिघांचा विचार टाळता आला नाही. रोख तिजोरीत ठेवून दुपारी टेबलाशी बसलेली माणसे होती ती. त्यांच्या मरणाने बागेतल्या मरणाचे वजन तिळमात्र कमी होत नाही, पण स्मारकात त्यांच्याबद्दल अधिक मोकळेपणाने सांगितले असते तर काही बिघडले नसते, असे माझे मत आहे. बाबा, तुम्हांला ते पटणार नाही, हे धरूनच लिहिते आहे.

जागा वाचली ती लोकांच्या वर्गणीमुळे. डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरलाच काँग्रेस भरली. विलायतेहून नुकतेच परतलेले लोकमान्यही तिला हजर होते. तिथे स्मारकाचा ठराव झाला आणि साडेपाच लाखांच्या वर रुपये खर्चून ही जमीन मालकांकडून विकत घेतली गेली. हे सारे इंग्रजांचे राज्य चालू असताना, हे विसरू नये. उधमसिंगाने १९४० साली लंडनमध्ये ज्याला गोळी घातली तो मायकेल ओड्वायर, म्हणजे १९१९ सालचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, डायर नव्हे. माझ्या शेजारी उभा असलेला एक बाप आपल्या मुलाला नेमके उलट सांगत होता आणि मी मध्ये तोंड घातले. बाप चिडला नाही. त्याने मुलाला नाव पुन्हा म्हणायला लावले.

आता तुमच्या येण्याचे. आईच्या गुडघ्यांची काळजी नको. बाग सपाट आहे, बसायला ठिकठिकाणी जागा आहे, आणि सुवर्णमंदिर तिथून पायी काही मिनिटांवर आहे. ऊन तापण्याआधी या. बैसाखीला मुळीच नको, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. हंटर समितीचा अहवाल इथे एका ग्रंथालयात आहे. समितीतल्या तिन्ही हिंदी सभासदांनी, सेटलवाड, पंडित जगत नारायण आणि सुलतान अहमद यांनी, आपला वेगळा अहवाल जोडला होता. तो आणि डायरची साक्ष यांच्या झेरॉक्स काढून कुरियरने पाठवते. अक्षर बारीक आहे, तेव्हा बाबा, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. दोन महिने तुम्ही ते टाळत आहात असे आईने मला सांगितले आहे.

तुमची,
ताई