नकाशा पक्का व्हायच्या आधी पेठेतल्या माणसांना विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जुन्या पेठेच्या रिडेव्हलपमेंटचा विषय सध्या चालू आहे त्याबद्दल लिहितेय, जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती, कारण आमच्यासारख्या बायकांचं म्हणणं पालिकेच्या ऑफिसपर्यंत पोचायला दुसरा रस्ता राहिलेला नाही. गावाचं नाव लिहीत नाही. धुळे असो, जळगाव असो, अमळनेर, चोपडा, शहादा असो, जिथं जिथं जुनी पेठ आहे तिथं आज ना उद्या हाच विषय निघणार आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर सांगते, आम्हाला नवीन बांधकाम हवंच आहे. मातीच्या भिंतींची माडीची घरं आहेत, सागवानी खांब अजून चांगले आहेत पण भिंती दर पावसाळ्यात फुगतात आणि कोणाची ना कोणाची मागची भिंत बसतेच. गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही, पेशंटला खुर्चीवर बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागतं, उद्या आग लागली तर बंब बाहेरच उभा राहील. म्हणून रस्ता मोठा करा, पाईपलाईन नवीन टाका, पडकी घरं पाडून पक्की बांधा, सगळं करा, पण नकाशा पक्का व्हायच्या आधी इथं राहणाऱ्या माणसांना विचारा.

आमच्याकडे झालं काय तर पेपरात बारीक अक्षरात नोटीस आली, ती कोणी वाचलीच नाही. नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावला, तो इंग्लिशमध्ये, लाल निळ्या पट्ट्या आणि सिटी सर्वे नंबर, घर नंबर नाही, गल्लीचं नाव नाही, लोकं बोट फिरवत उभी पण आपलं घर कुठं तेच कोणाला सापडेना. मग हरकती मागवल्या, ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिल्या, बाकीच्यांनी झेरॉक्सवर सह्या केल्या. सुनावणी ठेवली कामाच्या दिवशी दुपारी, वरच्या मजल्यावर. त्या टाईमला माणसं दुकानात नाहीतर मार्केट यार्डात, निम्म्या बायका शेतात निंदणीला, म्हाताऱ्यांना जिना चढवत नाही. जे गेले त्यांना दोन मिनिटं बोलू दिलं, तुमची हरकत नोंदवली म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. आता पेठेत कोणाच्याही ओट्यावर बसा, एकच वाक्य ऐकायला मिळतं, आमले कोनी इचारंच नही, म्हणजे आम्हाला कोणी विचारलंच नाही.

आता कोणी म्हणेल कायद्याप्रमाणे तर झालं ना सगळं. हो झालं असेल. नगररचनेचा 1966 चा जो कायदा आहे त्यात कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखडा म्हणजे कच्चा नकाशा प्रसिद्ध करून हरकती सूचना मागवतात आणि कलम 28 प्रमाणे नियोजन समिती त्या ऐकून घेते, त्या समितीत स्थायी समितीचे तीन जण आणि सरकारनं नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. पण नीट बघितलं तर यात लोकांचा नंबर लागतो तोच मुळी नकाशा तयार झाल्यावर. तोपर्यंत रस्ता कुठून जाणार, शॉपिंग कॉम्प्लेक्स कुठं बसणार, कोणाचा ओटा जाणार हे ठरलेलं असतं, कागदावर रेष एकदा ओढली की ती मागं घ्यायला कोणी तयार नसतं, मग हरकत घेणारा माणूस विकासाला आडवा येणारा दिसायला लागतो. आणि आधी विचारू नका असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही, मनात आणलं तर पेन्सिलनं पहिली रेष ओढायच्या आधीसुद्धा गल्लीत येऊन बसता येतं.

आपल्याच खान्देशात बघा. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुवा तालुक्यात 1996 चा पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा लागू आहे, तिथं प्रकल्पासाठी जमीन घ्यायच्या आधी, माणसं हलवायच्या आधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावं आली ती याच दोन तालुक्यातली, त्या लोकांनी किती सोसलं ते या भागात सगळ्यांना माहिती आहे. साध्या खेड्यातसुद्धा ग्रामसभा असते, माणूस उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. शहरात काय? 2009 साली महाराष्ट्रानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, वॉर्डाचे भाग पाडायचे आणि त्या भागातले सगळे मतदार सभेचे मेंबर. आमच्या पेठेत अशी सभा भरलेली मी तरी बघितलेली नाही, आणि जुन्याजाणत्यांना विचारलं तर त्यांनीही नाही.

फ्लॅटच्या सोसायटीवाल्यांना निदान नियम आहेत. सहकार कायद्याच्या कलम 79 अ खाली 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे, रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला दोन तृतीयांश मेंबर हजर पाहिजेत, एकूण मेंबरपैकी निदान 51 टक्क्यांची लेखी संमती पाहिजे, मीटिंगचं व्हिडिओ शूटिंग करावं लागतं. पेठेतल्या माणसाची सोसायटी नाही, एकेकाचं तीन खणाचं नाहीतर पाच खणाचं घर, आजोबाच्या नावावरचा उतारा, वारसांची नोंद अर्धवट, आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हणजे ज्याला जास्त आधार पाहिजे त्यालाच काही नाही, मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

आम्हाला विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? पुष्कळ सांगितलं असतं. आमच्या गल्ल्या अरुंद आहेत हे खरं पण मे महिन्यात जळगाव भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा याच गल्ल्यांत सावली असते, समोरासमोरच्या भिंतींची सावली एकमेकींवर पडते म्हणून सकाळी उशिरापर्यंत म्हातारं माणूससुद्धा किराणा आणायला जाऊ शकतं. जाड मातीची भिंत आणि वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, पंखा बंद पडला तरी दुपार निघून जाते. आता बारा मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूला काँक्रीटचे मजले झाले की दिवसभर ऊन आणि रात्री भिंती गरम, मग रस्त्याबरोबर झाडं कुठं लावणार हे त्याच नकाशात पाहिजे ना, पाहिजे तेवढी जागा सोडून, खड्डे धरून. नकाशात झाडाचा एक हिरवा ठिपका नाही, आणि चौकातला मोठा निंब, जिथं आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोके बांधले जातात, तो रस्त्याच्या मधोमध येतोय.

दुसरं म्हणजे गच्ची. हे पुरुषांना सुचणार नाही म्हणून लिहिते. उन्हाळाभर आमच्या धाब्यांवर ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड वाळत असतात, बचत गटाच्या बायका त्यावर वर्षाची फी आणि दवाखाना काढतात. बिल्डिंग झाली की गच्ची कोणाची? पाण्याच्या टाक्या, डिश, सोलर, आणि वरच्या दाराला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे. ज्या बाईचं उत्पन्न त्या उन्हावर आहे तिला नवीन घर मिळेल पण धंदा जाईल. म्हणून वाळवणासाठी सामाईक गच्ची आणि तिच्यावर सगळ्यांचा हक्क हे करारात लेखी पाहिजे. तसंच खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पुरणपोळ्या, फ्लॅटच्या किचनमध्ये होत नाहीत, त्याला चूल लागते, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या लागतात, धूर जायला मोकळी जागा लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खान्देशातली देवी, बसते, अख्खी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, दुसऱ्या दिवशी गल्लीतून वाजतगाजत निघते आणि बायका फुगड्या खेळतात. दीडशे माणूस कुठं बसवणार तुम्ही वन बीएचकेत? खाली एक मोकळा हॉल, मागं चुलीची जागा, एवढं काढायला इंजिनियरला काही अवघड नाही, फक्त कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे होतं.

पाण्याचंही तसंच. नळ दिवसाआड नाही तर चार चार पाच पाच दिवसांनी येतो, कोणत्या टोकाला प्रेशर नसतं, कुठं गटार उलटं वाहतं, मोठा पाऊस झाला की कोणत्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचतं हे तिथल्या माणसालाच माहिती. नकाशात जिथं कॉम्प्लेक्स दाखवलंय तिथं खाली जुना आड बुजवलेला आहे, वरून फरशी आहे म्हणून दिसत नाही. सर्व्हेला आलेल्या पोरांनी फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि गेले, ओट्यावर बसलेल्या आजीला विचारलं असतं तर तिनं पाय आपटून जागा दाखवली असती.

मोबदल्याबद्दल पण कोणी सरळ बोलत नाही. रस्त्यात जाणाऱ्या जागेचे पैसे रोख मिळतील का एफएसआय का टीडीआर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या हक्काचा कागद. पुण्या-मुंबईत बिल्डर हा कागद विकत घेतात, आमच्यासारख्या गावात गावाबाहेर मोकळे प्लॉट पडलेत, इथं तो कागद कोण घेणार आणि कोणत्या भावानं? ज्याचं दुकान दहा फूट खोल आहे आणि त्यातले सहा फूट रस्त्यात चाललेत त्याला राहिलेल्या चार फुटांत काय करायचं हे आधी सांगा. भाडेकरूंचं तर नावच नाही, पिढ्यानपिढ्या राहणारी घरं आहेत, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे पण नोटीस फक्त मालकाच्या नावानं.

आणि जे सुरतला आहेत त्यांचं काय? आमच्या प्रत्येक गल्लीत कुलूप लावलेली घरं आहेत, माणसं सुरतला उधना लिंबायतकडे पोटासाठी गेलेली, काही पुण्या-नाशिकला कंपनीत. ती आखाजीला येतात, कानबाईला येतात, दिवाळीला येतात. मधल्या एखाद्या महिन्यात हरकतीची मुदत ठेवली की अर्धी पेठ गप्प बसली असं कागदावर दिसतं. ती गप्प नव्हती, इथं नव्हती.

म्हणून मागणं साधं आहे. नकाशा मराठीत करा, घर नंबर आणि गल्लीच्या नावासकट, मोठ्या अक्षरात, आणि तो आमच्या चौकात लावा. सभा संध्याकाळी जेवणं झाल्यावर गल्लीगल्लीत घ्या, बायकांची वेगळी घ्या कारण सासऱ्या-दिरांसमोर अजूनही निम्म्या बायका बोलत नाहीत, भाडेकरूंना बोलवा, टपरीवाल्यांना बोलवा, सणाला गावी आलेल्यांना बोलवा. जे सांगू ते लिहून घ्या, पोच द्या, आणि नंतर कोणती सूचना घेतली, कोणती नाही घेतली आणि का नाही घेतली हे एकेका ओळीत लिहून चौकात लावा. आमच्या सगळ्याच सूचना बरोबर असतील असं मी म्हणत नाही, काही घरांना रस्त्यासाठी मागं सरकावंच लागेल आणि ज्याला सरकावं लागेल तो ओरडेलच, पण कारण समजलं तर माणूस ऐकतो हे मी आमच्याच गल्लीत नळाच्या पाईपलाईनच्या वेळी बघितलंय, चार घरांचे ओटे फोडावे लागले होते, समोर बसून बोलणं झालं आणि चौघांनी फोडू दिले.

तुमच्या पेपरलाही एक विनंती, अशी नोटीस येईल तेव्हा ती जाहिरातींच्या पानात जाऊ देऊ नका, पहिल्या पानावर दोन ओळी तरी बातमी टाका की अमुक भागाचा नकाशा आलाय आणि हरकतीची शेवटची तारीख अमुक आहे.

सभेसाठी जागा नाही असं कोणी म्हणू नये. राम मंदिरासमोरचं पटांगण आहे, सतरंज्या आम्ही टाकू, माईक आणि लाईट आम्ही लावू, चहा आमच्याकडून. नकाशा घेऊन आणि तो मराठीत समजावून सांगणारा एक माणूस घेऊन पुढच्या पंधरवड्यात कोणत्याही संध्याकाळी या.

आपली,
जुन्या पेठेतली एक रहिवासी, खान्देश