रविवारची मीटिंग – स्मार्ट ग्रीड आणि आपलं लाईट बिल

सगळ्यांना नमस्कार, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये बसायचंय, प्रत्येक घरातून एकाने तरी याच.

विषय स्मार्ट ग्रीड, म्हणजे घरोघरच्या मीटरशी माहितीची देवाणघेवाण करत चालणारं विजेचं जाळं. मीटर बदलला की संपलं असं नाहीये, स्मार्ट मीटर दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर नोंदवून कंपनीकडे पाठवतो, त्यामुळे वेळेनुसार वेगळा दर लावता येतो, म्हणजे संध्याकाळी सगळ्यांचा लोड एकदम येतो तेव्हा युनिट महाग आणि दुपारी सोलरची वीज भरपूर असते तेव्हा स्वस्त. वॉशिंग मशीन, गीझर, गाडीचं चार्जिंग ज्यांना पुढेमागे करता येतं त्यांचा फायदा, पण घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल त्यांनी काय करायचं? माझ्या मते हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

येताना:
- मागच्या वर्षभराची बिलं आणा
- छतावर सोलर असेल तर ग्रीडला किती युनिट दिले तेही बघून या

अजून एक, वापराच्या आकड्यांवरून घरात कोणी कधी नसतं हेही कळू शकतं, म्हणून ही माहिती कोणाकोणाला दिसणार हे लेखी विचारायचंय. पत्राचा मसुदा तिथेच करू, प्रश्न शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका.