आबांची ब्रनो आणि मिस्त्रीचाचा

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, ब्रनो रायफलीचा परवाना अखेर माझ्या नावावर झाला. जिल्हाधिकारी कार्यालयातून बाहेर पडल्या पडल्या दादा, माझे वडील, म्हणाले, ‘आधी चाचांना कळव.’ फोन मी केलाच, पण फोनवर तुम्ही ‘अच्छा, अच्छा, बरं झालं’ एवढं म्हणून विषय मिटवता. आभार ऐकून घ्यायची तुम्हाला सवय नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांसमोर. कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी मळ्यातल्या घरांत, वाड्यांत अशी एखादी जुनी पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच बोअरची हलकी रायफल, कपाटात उभी असेल आणि घरच्यांना ती नकोशी झाली असेल. त्यांच्याही वाचनात हे यावं.

सुरुवात २०१९ च्या कायद्यापासून झाली. तोवर एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत होती, ती दोनवर आली. दादांच्या परवान्यावर नेमकी तीन होती : बारा बोअरची दुनळी, तीनशे पंधराची रायफल आणि आबांची ही ब्रनो. एक जमा करणं भाग होतं. घरात सगळ्यांचं एकमत होतं, पॉइंट टू टू देऊन टाकू. पाखरं मारायची बंदूक ती, आणि शिकार तर कायद्यानेच बंद. दुनळीचा निदान रानडुकरं पिकात शिरली तर धाक तरी. तीनशे पंधराचा रुबाब वेगळा. दादा तीच यादी घेऊन तुमच्या बंदुकांच्या दुकानात आले, मी सोबत होते.

तुम्ही ब्रनो हातात घेतली, नळी मागून बंद करणारा बोल्ट काढला, नळी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, ‘पाटील, तीनशे पंधरा आपल्याच सरकारी कारखान्यात होते. उद्या वाटलं तर पुन्हा घेता येईल. ही कुठून आणणार?’ बाहेरची हत्यारं आणणं सामान्य माणसाला १९८० च्या दशकातच बंद झालं. ज्या देशाचं नाव हिच्या नळीवर कोरलंय, तो चेकोस्लोव्हाकियाही १९९३ ला दोन देशांत विभागला गेला. हे दोन्ही आम्हाला ठाऊक होतं, पण एकत्र करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तीनशे पंधरा तुमच्याकडे जमा झाली आणि ब्रनो घरी परत आली. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी जन्मभर तुमची ऋणी राहिले असते.

पण खरं काम पुढेच होतं. ब्रनो उडत होती, मात्र उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर यायला कुरकुरायची. दर चार-पाच काडतुसांत एक फुसकं निघे. दादांना वाटायचं, काडतुसंच जुनी. तुम्ही मला भिंग दिलंत आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी बघायला लावलंत. काठावर एक बारीकशी खाच होती, तांदळाच्या कणीएवढीही नसेल, आणि तिच्या आत सरकलेलं लोखंड चेंबरमध्ये किंचित डोकावत होतं. मोठ्या काडतुसाची टोपी बुडाच्या मधोमध असते. पॉइंट टू टूची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे पिनही काठावरच आपटते. आत काडतूस नसताना चाप ओढला की ती पिन चेंबरच्या ओठावर बसते. आबा सराव करताना आत नेहमी एक रिकामी पुंगळी ठेवायचे, त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं. पण घरी येणारा प्रत्येक पाहुणा ती भिंतीवरून काढून, खांद्याला लावून, एकदा तरी ‘खट्’ करून बघायचाच. पन्नासेक वर्षांचे ते ‘खट्’ तिथे जमा झाले होते.

दुसऱ्या कुणी तिथे कानस चालवली असती. तुम्ही नाही म्हणालात. कानशीने गेलेलं लोखंड परत येत नाही, आणि काडतुसाचा काठ जिथे टेकायला हवा तिथेच पोकळी राहते, मग फुसकी निघणं थांबत नाही. तुम्ही लेथवर एक निमुळता पोलादी गज वळलात, त्याला पाणी दिलंत, पॉलिश केलात आणि तेल लावून चेंबरमध्ये हळूहळू, फिरवत फिरवत दाबलात. सरकलेलं लोखंड जिथून आलं होतं तिथेच परत बसवलंत. सगळं काम एका दुपारचं, त्यातला बराचसा वेळ नुसता बघण्यात गेला. त्यानंतर पहिली पुंगळी बोल्टबरोबर अलगद बाहेर आली तेव्हा दादांचा चेहरा तुम्ही पाहिलात की नाही, मला माहीत नाही. मी पाहिला.

नळीबद्दल तुम्ही सांगितलंत ते मी आता प्रत्येकाला सांगते. ही गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, शिशाची, वर नुसता मेणचट लेप. तिने पोलाद झिजत नाही. ‘ह्या नळ्या गोळीने मरत नाहीत, गजाने मरतात,’ हे तुमचं वाक्य. तोंडाकडून गज घालून घासत राहिलं की नळीचं तोंड एका बाजूने झिजतं आणि तिथूनच नेम बिघडतो. बोल्ट काढला की मागून सरळ साफ करता येतं, मग पुढून गज घालायचाच कशाला? आणि चामड्याच्या म्यानात कधीच ठेवायची नाही, हेही. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. एका पावसाळ्यात ती म्यानासकट महिनोन्‌महिने कोठीत राहिली आणि परत आली तेव्हा नळीवर तांबेरा चढला होता. चामडं ओल धरतं. आता जमा करायच्या आधी तेलाचा हात फिरवते आणि सुती कापडात गुंडाळून देते.

सगळ्यात जास्त आभार मात्र तुम्ही जे केलं नाहीत त्याचे. मीच म्हटलं होतं, नळी नव्याने काळी करून द्या, दस्ता घासून पॉलिश करा. तुम्ही तांबेरा तेवढा बारीक तारेने आणि तेलाने काढलात. दस्त्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात दिलेत आणि थांबलात. गालाजवळ अक्रोडाचं लाकूड काळपट झालंय, तिथे आबांचा गाल टेकायचा, मग दादांचा. मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, पुढे डावा तळवा जिथे बसतो तिथली जाळीची नक्षी जवळजवळ गुळगुळीत झालीय. ‘हे घासलं तर बंदूक माझी होईल, तुमची राहणार नाही,’ असं म्हणालात तुम्ही. धंदा करणारा माणूस स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून असं बोलतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

परवान्याचंही तसंच. वडील हयात असताना हत्यार मुलीच्या नावावर होऊ शकतं हे आम्हाला वकिलानेही सांगितलं नव्हतं. सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, की परवानाधारक आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो, हे तुमच्याकडून कळलं. भावाची ना हरकत, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, सगळा क्रम तुम्ही काडतुसाच्या रिकाम्या खोक्यावर लिहून दिला होता. ‘मुलीच्या नावावर कशाला?’ असं विचारणारे पुष्कळ भेटले, तुम्ही त्यांतले नव्हतात.

कोल्हापुरात तसं कुणी विचारूही नये. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्या पन्नास मीटरवर, याच काडतुसाने. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकचं कांस्य आणलं तेही याच काडतुसाने. त्यांच्या रायफली कुठे आणि आमची ब्रनो कुठे, हे मला कळतं. पण हलकी, कमी आवाजाची, खांद्याला धक्का न देणारी बंदूक हातात आली की माणूस श्वासाकडे आणि चापाकडे लक्ष द्यायला शिकतो. मोठ्या बंदुकीत धक्क्याची धास्तीच आधी शिकतो. आबांनी दादांना असंच शिकवलं, दादांनी मला. रेंजवर मी पन्नास मीटरवर दुर्बीण न लावता, उघड्या माशीने मारते, आणि शेजारच्या मुली मॅगझिन संपलं की येऊन विचारतात, ‘ताई, ही कुठली?’

दिवाळीनंतर दादांना घेऊन येते. नेम धरायच्या मागच्या साइटची सरकपट्टी पन्नासच्या खुणेवर जरा सैल बसते, तेवढं बघून ठेवा. चेंबरच्या कामाची मजुरी तुम्ही तेव्हा घेतली नव्हतीत. या वेळी दोन्हीची मिळून घ्यावी लागेल, दादांनी पाकीट भरून ठेवलंय आणि ते ऐकणार नाहीत.

चाचींना नमस्कार सांगा.

तुमची,
ब्रनोवाल्या पाटलांची नात