हिशेबाची वही कोणाच्या हाती?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ग्रामीण महिलांच्या बचत गटांविषयी बातमी आली की तिच्यात बहुधा दोनच आकडे असतात : गट किती स्थापन झाले आणि कर्ज किती वाटले गेले. गटांच्या हिशेबवह्या तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की या दोन्ही आकड्यांवरून गटातल्या बाईच्या हाती नेमके काय आले याचा थांग लागत नाही. पैसा किती आला यापेक्षा त्याविषयीचा निर्णय कोणी घेतला आणि तो वहीत कोणी लिहिला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मुळात या गटांची सुरुवात कर्जवाटपातून झालेली नाही. कर्नाटकात ‘मायराडा’ या संस्थेच्या कार्यक्षेत्रातील मोठ्या सहकारी संस्था १९८०च्या दशकात मोडकळीस आल्या, तेव्हा एकमेकांवर विश्वास असलेल्या सभासदांनी लहान लहान गट करून आपापसांत बचत आणि देवघेव सुरू ठेवली, आणि त्यातूनच आजच्या स्वयंसहाय्यता गटाची, म्हणजे बचत गटाची, घडण झाली. पुढे १९९२ मध्ये ‘नाबार्ड’ या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. त्यातील मूळ कल्पना आजही मला धाडसी वाटते : बँकेने गटाला विनातारण कर्ज द्यावे, पण ते कोणाला, कशासाठी आणि कोणत्या व्याजाने द्यायचे हे गटानेच ठरवावे. ज्यांची सही कोणी विचारात घेत नव्हते, त्यांच्या सामूहिक निर्णयावर बँकेने विसंबावे, असा त्याचा अर्थ होता.

आफ्रिकेतील नायजर देशात १९९१ मध्ये ‘केअर’ या संस्थेच्या मदतीने सुरू झालेल्या महिला गटांनी तर बाहेरचे कर्जही घेतले नाही. त्या गटांतील अनेक जणींना लिहितावाचता येत नसल्याने हिशेब सभेत सर्वांच्या साक्षीने तोंडी सांगितला जाई आणि स्मरणात ठेवला जाई. त्याच धर्तीवर पुढे इतर देशांत पसरलेल्या गटांत पैशांच्या पेटीला तीन कुलपे असतात, किल्ल्या तीन वेगवेगळ्या सदस्यांकडे राहतात आणि पेटी सभेतच उघडते. म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहण्यासाठी आधी साक्षरताच हवी असे नाही, तो उघड्यावर मांडण्याची रीत मात्र हवी.

गटाचे खरे शिक्षण अंतर्गत कर्जाच्या, म्हणजे गटाने आपल्याच सदस्यांना दिलेल्या कर्जाच्या, चर्चेत होते, असे माझे ठाम मत आहे. एखादी सदस्य आजारपणासाठी, बियाण्यासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी रक्कम मागते, तेव्हा तिला आपली गरज इतर बायकांसमोर स्वतःच्या शब्दांत मांडावी लागते, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात आणि परतफेडीची मुदत स्वतः सांगावी लागते. ऐकणाऱ्यांनाही मागणाऱ्या दोघींपैकी आज कोणाची नड मोठी, जवळच्या नात्यातल्या बाईला नकार द्यायचा तर कसा, थकलेला हप्ता माफ करायचा की मुदत वाढवायची, हे ठरवावे लागते. ज्या बाईला घरातल्या व्यवहारात कधी मत विचारले गेले नाही, ती इथे दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी घेऊन मत देते. हे साधायला अनेक सभा जाव्या लागतात. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत नव्या गटावर मोठे कर्ज लादले, तर हा सगळा टप्पा बुडतो आणि सभा केवळ हप्ते गोळा करण्यापुरती उरते.

नावावरचे कर्ज आणि हातातला पैसा यांत किती अंतर असते, हे बांगलादेशातील कर्जदार महिलांविषयी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. महिलांनी घेतलेल्या कर्जांचा मोठा भाग प्रत्यक्षात घरातील पुरुष वापरत होते, फेडण्याचे दडपण मात्र महिलांवर होते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये खाजगी सूक्ष्मवित्त (गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या) कंपन्यांची कर्जे एकाच घरावर एकावर एक चढली, वसुलीचा जाच असह्य झाला आणि राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. या कंपन्या म्हणजे बचत गट नव्हेत, हा भेद जपला पाहिजे. पण गटाने बचत आणि चर्चा सोडली, तर त्याच्यात आणि वसुलीच्या टोळक्यात फारसा फरक राहत नाही.

वह्या तपासताना मला वारंवार आढळलेली गोष्ट अशी, की अध्यक्ष आणि सचिव वर्षानुवर्षे त्याच असतात, वही एखादीच्या पतीकडे किंवा मानधनावरच्या लेखनिकाकडे असते, आणि इतर सदस्य विश्वासाने सह्या करतात. अफरातफर प्रत्येक ठिकाणी असते असे मुळीच नाही. पण वही बाहेर गेली की प्रश्न विचारण्याची सवयही जाते. यावरचे उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक सभेच्या आरंभी मागील इतिवृत्त आणि जमाखर्च मोठ्याने वाचावा, पदे ठरावीक मुदतीने बदलावीत, किमान दोघींना हिशेब लिहायला शिकवावे आणि प्रत्येकीकडे स्वतःचे पासबुक असावे. गटात येऊ न शकलेल्या सर्वांत गरीब बाईची विचारपूस हाही सभेचा विषय व्हावा, कारण ठरावीक बचत न झेपणारी बाईच बहुतेक वेळा बाहेर राहते. शिवाय प्रत्येक सरकारी योजनेची माहिती गोळा करण्याचे बिनमोबदला काम गटांवर टाकणे थांबले पाहिजे; त्या बायकांचा दिवस आधीच पुरत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे कर्जवाटपाच्या कार्यक्रमाची बातमी देताना व्यासपीठावरील नावांबरोबरच गटाने गेल्या वर्षी अंतर्गत कर्जे किती दिली, कशासाठी दिली, आणि वही कोणी लिहिली, हे गटातील महिलांना विचारून छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक