बर्फाचं ठीक आहे, पण आमच्या उन्हाळ्यात फिल्म कॅमेरा कसा जपायचा?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली कॉलेजची पोरं घरातले जुने एसएलआर कॅमेरे काढून परत फिल्मवर फोटो काढतायत, बघून खूप बरं वाटतं. पण कॅमेरा जपायचा विषय निघाला की सगळे लडाख-स्पितीचंच सांगतात, बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत फिल्म कडक होऊन तुटते म्हणून रोल हळू फिरवा, खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा पिशवीत बंद करा म्हणजे दव पिशवीवर धरेल. सगळं बरोबर आहे. पण इकडे चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो त्याचं काय? फिल्म कंपन्या न वापरलेला रोल २१ अंशांच्या खाली ठेवा म्हणतात, आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत तर बाहेरच्यापेक्षाही कितीतरी जास्त तापतं! उष्णतेने रंगीत फिल्मचे रंगांचे थर एकसारखे खराब होत नाहीत, कुठला कमी तर कुठला जास्त, म्हणून फोटोवर भलतीच छटा येते, ती स्कॅन करताना पण पूर्ण जात नाही. लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन तेल अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या भोकाच्या, पात्यांवर उतरतं ते वेगळंच.

अजून एक, आमच्याकडे घरोघरी कूलर असतो आणि लोक गारवा म्हणून कॅमेरा त्याच खोलीत ठेवतात. कूलरची हवा ओली असते हो, लेन्सला बुरशी तिथेच लागते. हवाबंद डबा घ्या, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाका, डांबरगोळ्या अजिबात नको कारण त्याची वाफ फिल्मला चालत नाही. रोल झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमधे ठेवा आणि वापरायच्या दोनेक तास आधी बाहेर काढा, तोवर पिशवी उघडायची नाही. ताडोबाला जाताना बॅगेवर पांढरा ओला पंचा टाका, कोरड्या हवेत माठासारखं काम करतो, फक्त कॅमेरा आत प्लास्टिकमधे हवा.

फोटो काढून झालेला रोल तर अजून नाजूक, तो लवकर धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, गेला पाहिजे. इथून तो कुरिअरने पुण्या-मुंबईच्या लॅबला जातो आणि दुपारभर गोडाऊनच्या पत्र्याखाली पडून राहतो. म्हणून रोल विकणाऱ्या दुकानदारांना विनंती आहे, माल फ्रीजमधे ठेवा, शोकेसच्या उन्हात नको. आणि लॅबवाल्यांनी एप्रिल-मेपुरतं तरी नागपुरात रोल जमा करून रात्रीच्या एसी बसने न्यायची सोय करावी, थोडे जास्त पैसे लागले तरी आम्ही देऊ.

– एक वाचक, चंद्रपूर