भूकंपाच्या अफवा आणि मानसशास्त्राचा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना सामाजिक मानसशास्त्र शिकवतो. माणूस एकटा असताना एक वागतो आणि चारचौघांत दुसरेच, ते का, हे शोधणारा हा विषय आपल्याकडे गाईडमधल्या व्याख्या घोकण्यापुरता उरला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. सॉलोमन अ‍ॅशचा रेघांचा प्रयोग मुलांना तोंडपाठ असतो: बाकीचे सगळे रेघेची लांबी मुद्दाम चुकीची सांगतात, तेव्हा एकटा माणूसही अनेकदा त्यांचीच री ओढतो. पण सगळे म्हणतात म्हणून आपणही हो म्हटले, असे गावात कधी घडले का, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

वास्तविक या विषयातल्या एका गाजलेल्या सिद्धांताचे मूळ आपल्याच देशात आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी नोंदवल्या. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही याहून भयंकर संकट येणार असल्याच्या वार्ता पसरत होत्या. भीती मनात होती, डोळ्यांसमोर तिला कारण नव्हते. म्हणून लोकांनी भीतीला साजेसे कारण शोधले, असा अर्थ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी लावला आणि त्यातूनच १९५७ मध्ये बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत मांडला. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या नाहीत की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवून घ्यायला धडपडतो, असे तो सांगतो.

हे शिकवताना मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. भूकंपात किल्लारी आणि सास्तूर ही गावे उद्ध्वस्त झाली. आमच्या गावात मात्र घरे उभी होती. तरीही कितीतरी रात्री आम्ही अंगणातच झोपलो. आई उपड्या तांब्यावर पेला ठेवून निजायची, म्हणजे हादरा बसताच तो पडून जाग यावी. ‘आज रात्री परत मोठा होणार’ ही बातमी रोज कुणीतरी आणायचे. कुणाकडून कळले हे कुणीच विचारायचे नाही, आणि तिच्यावर विश्वास ठेवला की अंगणात झोपण्याचे कारण मिळायचे. गेल्या वर्षी हे वर्गात सांगितले, तेव्हा औसा तालुक्यातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबून म्हणाली, ‘‘सर, आजीपण हेच सांगते, पण ते अभ्यासात असतं हे माहीत नव्हतं.’’

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांच्या सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्या काळातल्या अफवा वडीलधाऱ्यांकडून ऐकून टिपण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना मात्र प्रश्नावली घेऊन गाठू नये. त्यांनी स्वतःहून सांगितले तरच ऐकावे, आणि ते कसे ऐकावे हे मुलांना आधी शिकवावे. त्या वेळी चाळिशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत, म्हणून हे काम येत्या सत्रातच सुरू व्हावे.

आपला,
मानसशास्त्राचा एक प्राध्यापक,
जि. लातूर